दोन्ही झाले ना, अण्णा?

बसा, चहा टाकलाय. उकळेपर्यंत एक फजिती सांगतो. माझीच. दुसऱ्याची फजिती सांगण्यात जास्त मजा असते हे मलाही ठाऊक आहे, पण या बाबतीत आमच्या गावात माझ्या तोडीचा माणूस नाही. लोकांच्या चुका होतात त्या घाईगडबडीत. मी ही चूक सहा महिने बसून, वहीत लिहून, भिंतीला नकाशा लावून आणि वर रंगीत तालीम घेऊन केली.

आमची लेक अश्विनी ब्रिटनमध्ये एका दवाखान्यात नर्स आहे. जावई निलेश, आपल्या घोडेगावचाच, तोही तिकडंच नोकरीला. लग्न करून दोघं गेली त्याला चार वर्षं झाली. मागच्या दिवाळीत अश्विनीचा फोन आला. एप्रिलअखेर तिला सलग रजा मिळणार होती, वर्षभर दुसऱ्यांच्या पाळ्या करून जमवलेली. आम्ही दोघांनी तिच्याकडं यायचं, आणि मग चौघांनी मोटारीनं निघायचं ते थेट स्पेनच्या दक्षिण टोकाला, असा तिचा बेत.

"स्पेनला कशाला गं?" मी विचारलं.

"अण्णा, तुम्हीच विसरलात? अल्मेरिया."

आता अल्मेरिया म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. माझं पिंपळवंडीत वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. त्यात ढोबळी मिरची असते, कधी टोमॅटो. एका वर्षी वाऱ्यानं वरचा प्लॅस्टिकचा कागद फाटून पार शेजारच्या उसात जाऊन पडला. तेव्हा मी मोबाइलवर शोधत बसलो, की जगात बाकीचे लोक हा कागद टिकवतात तरी कसा. तर स्पेनच्या खालच्या अंगाला अल्मेरिया नावाचा मुलूख निघाला. डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत नुसती पॉलिहाऊसं. वरून बघितलं तर जमीन दिसत नाही, सगळं पांढरंफेक. त्या दिवसापासून घरात माझं तेच पुराण. अश्विनी तेव्हा कॉलेजात होती. जेवताना मी अल्मेरिया काढला की ती ताट उचलून टीव्हीपुढं जायची. मला वाटायचं, पोरीचं लक्ष नाही. तर तिनं एवढी वर्षं ते मनात ठेवलं होतं.

फोन ठेवला आणि मी जरा वेळ मिरचीत जाऊन उभा राहिलो. मंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, बाहेरून विचारलं, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही, पांढरी माशी बघतोय.

दुसऱ्या दिवसापासून तयारी. माझा मित्र सोपान तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होता. आता रिटायर आहे, पण रस्त्याचं काही निघालं की त्याच्या अंगात बळ येतं. नारायणगावातून युरोपचा मोठा नकाशा आणून मी ओसरीच्या भिंतीला चिकटवला आणि सोपान त्याच्यापुढं खुर्ची टाकून पेन्सिल घेऊन बसला, तो जवळजवळ दिवाळीपासून होळीपर्यंत.

पहिलीच अडचण समुद्राची. ब्रिटनमधून फ्रान्सला जाताना मोटार रेल्वेत चढवायची आणि ती रेल्वे समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडं जाते, हे मी सांगितलं तर त्याला पटेना. "मोटार रेल्वेत, आन् रेल्वे समुद्राखाली? भाऊ, तुमी मला खुळा समजता का?" मग मी त्याला मोबाइलवर दाखवलं. त्यानं ते तीनदा बघितलं.

"त्या टायमाला डायवर काय करतो?"

"बसून राहतो."

"मंग तिकडची नोकरी बरी व्हती," असं म्हणून त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली.

पलीकडं कॅले, तिथून रुआं, तूर, बोर्दो, मग पिरनीजचा डोंगर उतरून स्पेन, बर्गोस, माद्रिद, ग्रानाडा आणि शेवटी अल्मेरिया. सोपाननं ते सगळं एसटीच्या हिशेबानं लिहिलं. सुटणार, पोचणार, चहा, जेवण, मुक्काम. घाट दिवसाउजेडी ओलांडायचा ही त्याची अट. अश्विनीला वाटेत एक जुना राजवाडा बघायचा होता, त्याला त्यानं वीस मिनिटं दिली. बोर्दोला मात्र मी भांडून अख्खा दिवस घेतला, कारण तिथं द्राक्षबागा आहेत. जुन्नर तालुक्यातला माणूस द्राक्षबागेवरून न थांबता कसा जाईल?

आता चूक कुठं झाली ते नीट ऐका. आमच्या भागातला एक द्राक्षबागायतदार हॉलंडला जाऊन आला होता. त्यानं मला मागं कधीतरी सांगितलं होतं, की युरोपचा एक व्हिसा काढला की सगळे देश मोकळे, मध्ये कोणी अडवत नाही. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त ब्रिटन त्यात येत नाही. हे तो बोलला नाही, कारण तो ब्रिटनला गेलाच नव्हता. आणि मी विचारलं नाही, कारण माझ्या भिंतीवरच्या नकाशात ब्रिटन युरोपातच होता.

व्हिसाचे कागद द्यायला पुण्याला गेलो तेव्हा सोपान बरोबर होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यानं एक गोष्ट पक्की केलेली, की खिडकीवर विचारतील तेवढंच सांगायचं, वर एक शब्द नाही. फॉर्म भरून देणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, फक्त यूके ना?" मी सोपानकडं बघितलं. सोपाननं डोळे मिटून सावकाश होकाराची मान हलवली. मी म्हटलं, "फक्त यूके." मनात म्हटलं, एकदा यूके मिळालं की पुढं सगळं आपलंच.

महिन्याभरात पासपोर्ट घरी आले. मंदानं ते देवापुढं ठेवले आणि तेवढ्यात अश्विनीचा फोन. तिनं आधी मोबाइलवर एक लांबलचक यादी पाठवली होती, त्यात 'दोन्ही व्हिसे' असं एका ओळीत लिहिलेलं. ती यादी समोर घेऊन मी बोललो.

"अण्णा, दोन्ही व्हिसे झाले ना?"

समोर दोन पासपोर्ट. एक माझा, एक मंदाचा. मी म्हटलं, "झाले की. दोन्ही झाले."

"दोन्हीवरच्या तारखा बघितल्या?"

"दोन्हीवर एकच तारीख आहे. सहा महिन्यांचे दिलेत."

"सहा महिने? अण्णा, आम्हाला तर जेमतेम महिन्याचा दिलाय."

तिकडं राहूनही त्या दोघांना युरोपचा व्हिसा वेगळा काढावा लागला होता, ती त्याचं बोलत होती. आता इथं तरी मला शंका यायला नको होती का? नाही आली. मला अभिमान वाटला. मी म्हटलं, "माझे सातबारे जोडले होते ना, ते बघून दिला असंल." पलीकडं अश्विनी हसली. अण्णांनी सगळं नीट केलं म्हणून तिच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं. मी यादीवर त्या ओळीपुढं टिक केली. ती टिक इतकी ठसठशीत होती, की मागच्या पानावर उमटली.

जायच्या आधी सोपान म्हणाला, एकदा चालवून बघू. गाडी जावई चालवणार होता, पण शेजारी बसून रस्ता सांगायचं काम माझं होतं, आणि मला त्याचा सराव नव्हता. म्हणून त्याची जीप काढून आम्ही तिघं भीमाशंकरला निघालो. सोपाननं त्या रस्त्यावर उभी हयात घालवली, पण त्या दिवशी तो अडाण्यासारखा चालवत होता. मी मोबाइलवर बघून "आता डावीकडं" म्हणेपर्यंत वळायचा नाही. मंचरला मी गोंधळलो, तर हा सरळ पुण्याच्या दिशेनं सुटला आणि खेडपर्यंत मागं वळला नाही. शिकायचं तर असंच, म्हणे.

मंचरच्या आधी, जुन्नर तालुका संपून आंबेगाव सुरू होतं तिथं जाताना त्यानं जीप बाजूला घेतली होती. म्हणाला, "हितनं फ्रान्स." मग खाली उतरून पोलिसासारखा खिडकीशी आला आणि पासपोर्ट मागितले. मी दोन्ही दाखवले. त्यानं उलटसुलट बघितले आणि म्हणाला, "जावा." मागच्या सीटवरून मंदा म्हणाली, "एवढ्यावर सोडत्यात व्हय?" मी तिला युरोपची पद्धत समजावून सांगितली. घोडेगाव येईपर्यंत सांगत होतो.

शेवटच्या आठवड्यात आमच्या शेतकरी गटानं मला शाल घातली. गटात आम्ही अकरा जण, सगळ्यांची पॉलिहाऊसं किंवा शेडनेट. प्रत्येकानं आपापले प्रश्न लिहून दिले. कागद किती जाडीचा वापरता, उन्हाळ्यात आत गारवा कसा ठेवता, पांढऱ्या माशीला काय करता. अशी ती वही भरली. मला बोलायला उभं केलं. मी काय बोललो असेन? एक व्हिसा काढला की अख्खा युरोप मोकळा कसा, हे बोललो. टाळ्या पडल्या. दोघांनी नंतर येऊन व्हिसा कुठं काढायचा ते विचारून घेतलं. मी त्यांना पत्ता दिला. देवाची कृपा, की ते अजून गेलेले नाहीत.

ब्रिटनला पोचलो. पहिले चार दिवस फार सुखाचे गेले. मंदा लेकीच्या स्वयंपाकघरात रमली. मी निलेशबरोबर गाडीचं तेलपाणी बघत होतो. तो सोपानचं वेळापत्रक वाचून एवढंच म्हणाला, की अण्णा, यात मला लघवीला जायची पण वेळ लिहिलीय. म्हटलं, ती पाळा, सोपानचा अनुभव आहे.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती. डिकी भरलेली. निलेश चाकांची हवा बघत होता. अश्विनीनं जिन्याजवळ उभं राहून एका फायलीत सगळे कागद ओळीनं लावले आणि हात पुढं केला. मी दोन्ही पासपोर्ट दिले. तिनं माझा उघडला. पुढून मागं चाळला. मग मागून पुढं चाळला. मग आईचा घेतला.

"अण्णा, दुसरा कुठंय?"

"दुसरा तुझ्या आईचा. हातात आहे की तुझ्या."

"दुसरा व्हिसा म्हणते मी."

"तो आईच्या पासपोर्टावर."

पेशंट जेव्हा सांगतो, की तिन्ही वेळच्या गोळ्या मी सकाळीच घेऊन टाकतो, तेव्हा नर्स त्याच्याकडं जशी बघत असेल, तशी ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. फार हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, हा ब्रिटनचा आहे. युरोपचा कुठंय?"

मी म्हटलं, "मग आत्ता आपण कुठं आहोत?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली. निलेश हात पुसत आत आला, निघायचं का म्हणाला. अश्विनीनं दोन्ही पासपोर्ट त्याच्या हातात दिले. मग त्याला कळलं. त्यानं दोन-तीन ठिकाणी फोन केले. फ्रान्सचा आणि स्पेनचा व्हिसा आम्ही भारतातूनच काढायला हवा होता. पाहुणे म्हणून आलेल्यांना तो तिथून मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी त्याला आठवडे लागले असते. बोगद्याची वेळ दुपारची होती.

आमच्या शेतात गारा पडल्यात, माल घेऊन गेलो तेव्हा बाजार पडलेला बघितलाय. तेव्हा निदान आभाळाकडं बघता येतं. तिथं त्या जिन्यात मला कुठं बघावं ते सुचेना. मी म्हटलं, "पोरी, चुकलं माझं." तर तीच म्हणाली, "नाही अण्णा, मी 'दोन्ही' का म्हटलं? नावं घेऊन विचारायला हवं होतं. रोज पेशंटला नावं घेऊन विचारते." आणि निलेशला म्हणाली, सगळं रद्द कर.

एवढ्यात मंदा स्वयंपाकघरातून आली. हातात वाटेसाठी बांधलेल्या धपाट्यांचा डबा. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण ती सरळ बाहेर गेली, डिकीतून आमची बॅग काढली, ओढत आणून दारात ठेवली आणि डबा लेकीच्या मांडीवर दिला.

"तुमी दोघं जावा," ती म्हणाली.

"आई, काहीतरीच काय? तुमच्यासाठी तर चाललो होतो."

"लगीन झाल्यापासनं दोघं मिळून कुठं गेलाय का? मी चार दिस बघतीय. तू येतीस तवा जावई जात्यात, जावई येत्यात तवा तू निजलेली. रजा घेतलीय ती घरात बसून घालवू नका. जावा."

"आणि तुम्ही?"

"आमी हितं राहतो. भात लावता येतो मला. आन् ह्यांना मी संबाळते. पस्तीस वर्षं तेच करतीय."

तेव्हा अश्विनी रडली. आईच्या पदरात तोंड घालून रडली, आणि रडतारडताच हसायला लागली. मी गटाची वही आणि सोपानचं वेळापत्रक दोन्ही तिच्या फायलीत ठेवलं. म्हटलं, मी नाही तर निदान ही जाऊ दे. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. मग मंदा म्हणाली, "चहा घेणार का?" त्या विषयावर त्या दिवशी ती एवढंच बोलली.

अर्ध्या तासात सोपानचा फोन.

"सुटली का गाडी?"

"सुटली."

"टायमाला?"

"चाळीस मिनिटं लेट."

गाडीत कोण आहे ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं हे त्यानंच शिकवलं होतं. पण मग हे चालूच झालं. अश्विनी मुक्कामाला पोचली की मला कळवायची, मी सोपानला कळवायचो. त्यानं विचारलं, बोर्दोला द्राक्षं कशी आहेत? मी अश्विनीला विचारून सांगितलं, नुसती फूट आहे, घड बारीक. तिसऱ्या दिवशी त्याला घाट बघायचा होता. त्यानं व्हिडिओ कॉल केला. माझ्या मागं अश्विनीचा गॅस, त्यावर कुकर, आणि नेमकी त्याच वेळी त्याची शिट्टी झाली.

सोपाननं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हसेल, सगळ्या गावाला सांगेल. तो म्हणाला, "भाऊ, खिडकीवर मान मीच हालवली राव." आणि त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही, असं त्याच्या घरून कळलं. मलाच उलट त्याची समजूत घालावी लागली.

पाचव्या दिवशी अश्विनीचा व्हिडिओ कॉल आला. मी घाईनं चष्मा शोधला. ती पॉलिहाऊसमध्ये उभी होती. तिच्या मागं टोमॅटोच्या ओळी, सुतळीनं वर चढवलेल्या, पार शेवट दिसत नव्हता. शेजारी एक टोपीवाला, उन्हानं रापलेला माणूस. नाव अंतोनियो. मुक्कामाच्या ठिकाणी ओळख काढून तिनं त्याला गाठलं होतं. ती निलेशच्या मोबाइलवर इंग्रजीत बोलायची, तो मोबाइल तेच स्पॅनिशमध्ये बोलायचा, मग अंतोनियो बोलायचा, आणि ती मला मराठीत सांगायची.

वहीतले प्रश्न एकेक करून विचारले. त्यानं कागद बोटात धरून दाखवला. पांढऱ्या माशीसाठी टांगलेले पिवळे चिकट सापळे दाखवले, अगदी आपल्यासारखेच. उन्हाळ्यात आत गारवा कसा ठेवता म्हटल्यावर त्यानं कोपऱ्यातली एक बादली कॅमेऱ्यापुढं धरली. पांढरं पाणी. वरून कागदाला ते मारतात, पाऊस आला की धुऊन जातं. मी मंदाला म्हटलं, बघ, चुन्यासारखंच. मी सगळं लिहून घेत होतो. मंदा माझ्या मागं उभी राहून टोमॅटो बघत होती. "फळ एकसारखं हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून ही मोठी पावती.

मग त्यानं माझ्या शेताचं विचारलं. मी फोटो पाठवले. त्यानं ते बोटांनी मोठे करून करून बघितले, पाण्याचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं. त्याचाही कागद एकदा उडून शेजाऱ्याच्या रानात गेला होता म्हणे. मला एवढं बरं वाटलं, की मी म्हटलं, "अश्विनी, त्यांना सांग, आमच्याकडं या. मुक्कामाला या. मी सगळं दाखवतो, नारायणगावचा टोमॅटो बाजार दाखवतो."

अंतोनियोला ते फार आवडलं. त्यानं छातीवर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. अश्विनीनं निलेशचा मोबाइल कानाजवळ नेला. तिचे ओठ थरथरायला लागले. निलेश तिच्या मागं तोंड फिरवून उभा राहिला.

"अण्णा," ती म्हणाली, "ते विचारतायत, भारतात यायला व्हिसा लागतो का? म्हणतात, वडिलांना विचार, त्यांना माहीत असंल."

मी घसा साफ केला. तोंड उघडणार, तेवढ्यात मंदा ओले हात पदराला पुसत माझ्या खांद्यावरून पुढं वाकली.

"त्यांना म्हणावं, टोमॅटोचं इचारा, मिरचीचं इचारा, काय वाट्टंल ते इचारा. ह्ये सोडून."

अश्विनीनं ते शब्दाला शब्द सांगितलं. तिकडं तिघंही हसायला लागले. अंतोनियो तर टोपी काढून टोमॅटोच्या ओळीत खाली बसला.

"लागतो," मी म्हणालो. पण तोवर माझं कोण ऐकतंय.